टोरोंटोहून क्यूबेक, फेब्रुवारी महिना, भाड्याची गाडी. विंटर टायर मिळवायचे कसे?

पसरणीकर:

नमस्कार मंडळी,

आम्ही कॅनडात, टोरोंटोशेजारी मिसिसागात राहतो. स्वतःची गाडी नाही. दोघांचीही ऑफिसं गो ट्रेनच्या वाटेवर असल्यामुळे आजवर अडलं नाही. लागली की भाड्याने घेतो, पण ते सगळं मे ते सप्टेंबर. बर्फात भाड्याची गाडी कधी घेतलेली नाही.

आता वाईहून आई-आबा आलेत, सुपर व्हिसावर (आई-वडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो तो). बाल्कनीतून बर्फ बघून झाला, मूठभर उचलून शेजारणींना व्हिडिओ कॉलवर दाखवून झाला. नायगाराही झाला. मग कुणीतरी आईला सांगितलं की क्यूबेक सिटीजवळ माँमोरेन्सी म्हणून धबधबा आहे, ८३ मीटर उंच, म्हणजे नायगारापेक्षा ३० मीटर जास्त, आणि हिवाळ्यात त्याच्या कडा गोठून पायथ्याशी बर्फाचा डोंगर साठतो. झालं! त्यात फेब्रुवारीत तिथलं विंटर कार्निव्हल. दुसऱ्या आठवड्यात सुट्टी टाकली आहे.

बेत असा: पिअर्सन विमानतळावरून मध्यम एसयूव्ही घ्यायची (एडब्ल्यूडी, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी, मिळतेय), ४०१ हायवे धरून माँट्रियल, तिथं मुक्काम, दुसऱ्या दिवशी क्यूबेक सिटी, तीन रात्री तिथं, मग परत. जाऊन-येऊन १६०० किलोमीटर धरा.

बुकिंग केल्यावर आबांनी पहिला प्रश्न विचारला, "टायर कसले हाईत?" आबा एसटीत चालक होते, वाई डेपोला. पसरणीचा घाट पावसाळ्यात, धुक्यात, भरल्या गाडीनिशी उतरवलेला माणूस. त्यांच्या लेखी गाडीचा रंग, कंपनी, सनरूफ हे सगळं टायरनंतर. मी कंपनीच्या काउंटरला फोन केला. उत्तर: ऑल सीझन, म्हणजे वर्षभराचे साधे टायर. विंटर मिळतील का? "नोट टाकतो सर, पण खात्री देता येत नाही." आबांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, "मग खात्री नसताना पैसं कशाचं घेत्यात?"

तर विचारायचं असं की क्यूबेकमध्ये विंटर टायर सक्तीचे आहेत असं ऐकतो, ते आमच्या ओंटारिओ प्रांताच्या नंबरप्लेटला लागू आहे का? भाड्याच्या गाडीला आपल्या खर्चाने टायर बदलून घेता येतात का? एडब्ल्यूडी असेल तर ऑल सीझनवर भागतं का? आणि नाहीच जमलं तर बर्फात टायरला गुंडाळायची चेन घेऊन ठेवावी का डिकीत? गाडी मीच चालवणार. आबांना इथलं लायसन्स नाही, पण ते शेजारी बसून चालवणार हे नक्की.

---

ब्रॅम्प्टनचा वाघ:

अहो किती विचार कराल! एडब्ल्यूडी आहे ना? निघा बिनधास्त. मी सगळे हिवाळे ऑल सीझनवर काढलेत, बॅरी, कॉलिंगवूड, अगदी सडबरीपर्यंत. ४०१ वर मीठ इतकं टाकतात की बर्फ टिकतच नाही. हळू चालवा, अंतर ठेवा, संपला विषय. विंटर टायर हा टायरवाल्यांचा धंदा आहे.

---

गॅटिनोची काकू:

वाघोबा, तुमच्या नशिबाला नमस्कार, पण पसरणीकरांच्या गाडीत दोन म्हातारी माणसं असणार आहेत.

पसरणीकर, मी राहते गॅटिनोला, म्हणजे क्यूबेकमध्ये, आणि नोकरी नदीपलीकडे ओटावात. म्हणजे रोज सकाळी एका प्रांताचे नियम घेऊन दुसऱ्या प्रांतात जाते. या विषयावर मी बोलणारच.

आधी कायदा. क्यूबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. हा नियम २००८ च्या हिवाळ्यापासून आहे. पूर्वी १५ डिसेंबरपासून लागायचा, २०१९ पासून दोन आठवडे अलीकडे आणला. दंड २०० ते ३०० डॉलर. पण तो क्यूबेकमध्ये नोंदलेल्या प्रवासी गाड्यांना आणि टॅक्सींना लागू आहे. ओंटारिओची प्लेट घेऊन तुम्ही ऑल सीझनवर आलात तर या कलमाखाली तुम्हाला कुणी पावती फाडणार नाही. ओंटारिओत सक्ती नाहीच. तिथं सरकारने एवढंच केलंय की विंटर टायर लावणाऱ्याला विमा कंपनीने हप्त्यात सूट दिली पाहिजे, २०१६ पासून.

म्हणजे पोलिसांची भीती नाही. पण ज्या रस्त्यावर तुमच्या पुढच्या-मागच्या जवळजवळ प्रत्येक गाडीला विंटर टायर आहेत, तिथं एकट्या तुमच्याच गाडीला थांबायला जास्त जागा लागते, हे लक्षात घ्या. पुढचा माणूस त्याच्या टायरच्या हिशेबाने ब्रेक मारतो. तुमच्या नाही. आमच्याकडे चेल्सीच्या चढावर बर्फ पडल्या पडल्या आडव्या झालेल्या गाड्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच नदीपलीकडच्या प्लेटच्या असतात. ओटावावाले माझ्यावर चिडतील, चिडू देत.

आता खरी गोष्ट, जी तुम्हाला काउंटरवाला सांगणार नाही. त्याच कायद्यात (कलम ४४०.१) पुढे लिहिलंय की ही मनाई गाड्या भाड्याने देणाऱ्यांनाही लागू आहे. या काळात क्यूबेकमध्ये विंटर टायर नसलेली प्रवासी गाडी भाड्याने देताच येत नाही. म्हणजे जी गोष्ट पिअर्सनला तुम्ही विनवणी करून, नोट टाकून, जास्तीचे पैसे मोजून "बघतो सर" वर मिळवणार, ती माँट्रियलच्या काउंटरवर न मागता मिळते.

मग टोरोंटोतून गाडी घेताच कशाला? युनियन स्टेशनहून विया रेल्वेने माँट्रियलला या. वेळापत्रकाप्रमाणे पाच-साडेपाच तास. हिवाळ्यात उशीर होतो, तेवढी तयारी ठेवा, त्या दिवशी पुढचं काही घट्ट बांधू नका. शहरात उतरून मध्यवर्ती स्टेशनजवळ गाडी घ्या, नाहीतर एक स्टेशन आधी दोर्वालला उतरा, विमानतळ तिथून जवळच आहे आणि विमानतळावर गाड्या जास्त असतात. माँट्रियल ते क्यूबेक सिटी अडीचशे किलोमीटर. सोळाशेच्या जागी तुम्ही येऊन-जाऊन पाचशे-सहाशे किलोमीटर चालवाल, आणि ते सगळे योग्य टायरवर. आई-आबा ४०१ वर किंग्स्टननंतर काय बघणार आहेत, सांगा? ट्रेनमध्ये उठून फिरता येतं, गुडघे मोकळे होतात, शौचालय आहे, डब्यातलं खाता येतं.

मला विचाराल तर आणखी पुढे जाईन. ट्रेन क्यूबेक सिटीपर्यंतही जाते. जुन्या शहरात गाडी म्हणजे लोढणं आहे, आणि माँमोरेन्सीपर्यंत शहराची बस जाते. पण बर्फात स्टॉपवर उभं राहणं वयाच्या माणसांना जमेलच असं नाही, म्हणून गाडी घ्या म्हणते.

गाडी हातात आली की सही करायच्या आधी हे बघा. टायरच्या कडेला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असं चिन्ह हवं. चारही टायरना. नुसतं "एम+एस" (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं क्यूबेकमध्ये २०१४ च्या डिसेंबरपासून विंटर टायर म्हणून धरत नाहीत. एम+एस तर कुठल्याही ऑल सीझनवर असतं. मग खिशातलं २५ सेंटचं नाणं काढा, त्यावर कॅरिबू (इथलं मोठं हरीण) आहे. त्याचं नाक खाली करून नाणं टायरच्या खाचेत उभं घाला. नाक रबराच्या वर उघडं दिसलं तर खाच हिवाळ्याला पुरेशी नाही, दुसरी गाडी मागा. लाजू नका. मागे रांग असली तरी लाजू नका.

चेनचा विचार सोडा. क्यूबेकच्या सार्वजनिक रस्त्यावर साध्या मोटारीला चेन चालत नाही. ती बर्फ काढणाऱ्या, आणीबाणीच्या गाड्यांसाठी आणि शेतीच्या ट्रॅक्टरसाठी.

---

पसरणीकर:

काकू, साष्टांग. ट्रेनचा विचारच डोक्यात आला नव्हता.

दोन शंका. एक, माँट्रियलच्या काउंटरवर ओंटारिओ प्लेटची गाडी हातात दिली तर? या कंपन्यांच्या गाड्या गावोगाव फिरत असतात. दोन, आबा म्हणतात (लॅपटॉपकडे बघत, चष्मा लावून) की टायरचं रबर बदललं म्हणून एवढा फरक कसा पडेल, खाचा खोल असल्या की झालं. घाटात त्यांनी खाचाच बघितल्या आयुष्यभर. त्यांना पटेल असं कुणी सांगेल का?

---

गॅटिनोची काकू:

पहिल्याचं उत्तर: ओंटारिओ प्लेटची गाडी मिळू शकते, मी स्वतः पाहिल्यात. पण मनाई देणाऱ्यावर आहे, प्लेट कुठलीही असो. चिन्ह दिसलं नाही तर काउंटरवर परत जाऊन कायद्याचं नाव घ्या, आवाज न चढवता. दुसऱ्याचं उत्तर चाकवाले देतील, ते हाच धंदा करतात.

---

चाकवाला:

हजर. मी स्कारबरोला टायरच्या दुकानात आहे. वाघसाहेब, "टायरवाल्यांचा धंदा" हे वाक्य मी रोज काउंटरवर ऐकतो, आणि नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की तेच गिऱ्हाईक "आजच्या आज बसवून द्या" म्हणत दारात उभं असतं. असो.

आबांना माझा नमस्कार सांगा. खाचांबद्दल त्यांचं म्हणणं चूक नाही, पण ते आपल्याकडच्या हवेपुरतं. पसरणीत पाऊस कितीही असो, रस्ता गोठत नाही. तिथं खाचेचं काम पाणी बाहेर फेकायचं. इथं प्रश्न रबराचा होतो. साधारण ७ अंशांच्या खाली ऑल सीझनचं रबर कडक होत जातं. उणे १५ ला ते रस्त्याला धरत नाही, नुसतं त्यावर टेकतं. फ्रीजमधला लोण्याचा गोळा पोळीवर फिरवून बघा म्हणावं. विंटर टायरचं रबर थंडीत मऊ राहील असंच बनवतात, त्यात सिलिका जास्त असते. शिवाय त्याच्या ठोकळ्यांवर ब्लेडने चिरल्यासारख्या बारीक चिरा असतात, त्या चाक फिरताना उघडतात आणि बर्फाला कडा लावतात. खाच खोल आहे पण रबर जुनं, कडक झालंय, असाही टायर येतो. त्यासाठी कडेवर डीओटी क्रमांक बघा, शेवटचे चार आकडे. ३५२२ म्हणजे २०२२ सालचा पस्तिसावा आठवडा. सहा-सात हिवाळे खाल्लेला टायर मी माझ्या गाडीला लावणार नाही.

एडब्ल्यूडी. हा गैरसमज माझं पोट भरतो म्हणून तक्रार नाही, पण सांगतो. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते सुरेख. थांबवताना मात्र प्रत्येक गाडीला चार ब्रेक आणि चार टायरच असतात. एडब्ल्यूडीवाला सिग्नलवरून सगळ्यांच्या आधी सुटतो आणि पुढच्या सिग्नलला आत घुसतो. छोटी, फक्त पुढच्या चाकांना ताकद देणारी गाडी विंटर टायरवर आणि मोठी एडब्ल्यूडी ऑल सीझनवर, यातलं एक निवडायला सांगितलं तर मी डोळे मिटून छोटी घेईन.

आपल्या खर्चाने टायर बदलून घेणं: नाही. करारात गाडीला हात लावायची परवानगी नसते. समजा कुणी दुकानदाराने बसवून दिले, तर मूळ चार टायर ठेवणार कुठे? चाकाच्या दाबाचे सेन्सर गोंधळणार, नट शंभरेक किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागतात ते कोण बघणार, आणि काही झालं तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारणार. आमच्या दुकानात असं गिऱ्हाईक आलं तर आम्ही परत पाठवतो.

ओंटारिओतूनच घ्यायची झाली तर एक मार्ग आहे. काही शाखा विंटर टायरवाली गाडी दिवसाला जास्तीचे पैसे घेऊन देतात. मध्यवर्ती नंबरला फोन करू नका, तिथला माणूस कुठल्या देशात बसलाय त्याला माहीत. थेट शाखेत जा, मॅनेजरला भेटा, बुकिंगच्या कागदावर लिहून घ्या आणि आदल्या दिवशी पुन्हा विचारा. मोठ्या विमानतळापेक्षा वस्तीतल्या छोट्या शाखेत हे जास्त जमतं, कारण तिथं गाड्या मोजक्या असतात आणि कुठल्या गाडीला काय आहे हे त्यांना तोंडपाठ असतं. फोनवर म्हणा, टायरच्या कडेचा फोटो पाठवा. पाठवला तर गाडी आहे. नाही पाठवला तर काकूंची ट्रेन.

एक बारीक गोष्ट. विमानतळाच्या बंद पार्किंगमधून गाडी काढून उणे २० मध्ये आलात की हवेचा दाब पडतो, पाच-सहा अंशांना जवळपास एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर घाबरून जाऊ नका. पेट्रोल पंपावर हवा भरून घ्या, दाराच्या चौकटीवर आकडा लिहिलेला असतो तेवढी. टायर गार असताना भरा.

---

ब्रॅम्प्टनचा वाघ:

चार टायर, चार रिम, वर्षातून दोनदा बसवायचे पैसे, उन्हाळ्यात ठेवायचे पैसे. गणित करा कुणीतरी. आणि ऑल वेदर नावाचे पण निघालेत ना आता?

---

चाकवाला:

निघालेत. ऑल वेदर आणि ऑल सीझन एक नाही. ऑल वेदरवर डोंगर-चांदणीचं चिन्ह असतं, वर्षभर ठेवता येतात आणि क्यूबेकच्या कायद्यातही बसतात. नोकियान, मिशेलिन सगळ्यांचे आहेत. कडाक्याच्या बर्फात खऱ्या विंटरइतकं धरत नाहीत, पण टोरोंटोत राहणाऱ्याला, ज्याच्याकडे टायर ठेवायला गॅरेज नाही, त्याला मी हेच सांगतो. गणिताचं म्हणाल तर हिवाळाभर उन्हाळी चाकं झिजत नाहीत, तेही धरा.

---

व्हँकुव्हरी:

मध्येच बोलतो, पश्चिमेकडे येणाऱ्यांसाठी. आमच्या बीसीत (ब्रिटिश कोलंबिया प्रांतात) नियम निराळा आहे. डोंगरातल्या महामार्गांवर, व्हिसलरच्या रस्त्यावर सुद्धा, १ ऑक्टोबरपासून पाट्यांप्रमाणे विंटर टायर लागतात, पण इथं एम+एस चालतं, खाच ३.५ मिमी हवी. म्हणून इथला भाड्याने देणारा "विंटर आहेत" म्हणाला तरी तो एम+एसवर बोलत असू शकतो. डोंगर-चांदणी आहे का, असंच विचारा.

---

मुलुंड ते माँट्रियल:

टायरचं सगळं झालंय, मी माँट्रियलमधल्या बाकीच्या भानगडी सांगतो, कारण मिसिसागाहून येणारा प्रत्येक पाहुणा माझ्याकडे त्यातच अडकतो.

पार्किंग. बर्फ पडून गेल्यावर पालिका रस्त्यारस्त्याने तो उचलून ट्रकमध्ये भरून नेते. आधी कडेला नारिंगी पाट्या लावतात, अमुक वेळेत गाडी नको म्हणून. मग भोंगा वाजवत टोइंगची गाडी फिरते. तो भोंगा ऐकून आमच्या इमारतीतले लोक पायजम्यावर कोट घालून पळतात. गाडी राहिली तर दंड आणि वर ती उचलून आसपासच्या कुठल्यातरी गल्लीत नेऊन ठेवतात. मग शोधत बसा. क्यूबेक सिटीत खांबांवर नारिंगी दिवे आहेत, ते लुकलुकायला लागले की त्या रात्री रस्त्यावर गाडी लावायची नाही. तुम्ही सरळ आत पार्किंग असलेलं हॉटेल बघा, दोन्हीकडे. पैसे जास्त जातील, पण सकाळी गाडी खणून काढावी लागणार नाही.

माँट्रियल बेटावर लाल सिग्नलला उजवीकडे वळता येत नाही. ओंटारिओच्या सवयीने हात आपोआप वळतो. आबांना शेजारी बसवणारच आहात तर हे काम त्यांच्याकडे द्या.

गाडी घेताना बर्फ झाडायचा ब्रश-खरवडणी मागून घ्या, कधी कधी डिकीत नसते. निघताना टपावरचा बर्फ काढा, नुसती काच पुसून निघू नका. टपावरून ढेकूळ उडून मागच्याच्या काचेवर गेलं तर इथं दंड आहे, आणि ब्रेक मारल्यावर ते तुमच्याच काचेवर येतं. काच धुण्याचं पाणी निळं, उणे ४० वालं, टाकी भरून आणि एक जार डिकीत. हायवेवर मिठाचा राडा उडतो, मिनिटाला पिचकारी मारावी लागते. पाणी संपलं तर समोर पांढरा पडदा, दुसरं काही दिसत नाही.

क्यूबेक सिटीला दोन रस्ते. नदीच्या दक्षिणेने २०, उत्तरेने ४०, त्र्वा-रिव्हिएरवरून. अंतर सारखंच. बर्फ पडत नसेल तरी वारा असेल तर उघड्या शेतांवरून भुरभुर बर्फ रस्त्यावर वाहत येतो आणि क्षणात पुढचं काही दिसेनासं होतं. पाटीवर "पूद्रेरी" दिसलं की तोच. अशा वेळी एकदम ब्रेक मारू नका. पाय सोडा, दिवे लावा, हॅझार्ड फक्त फारच हळू असाल तर. निघण्याआधी क्यूबेक ५११ ही रस्त्यांची स्थिती सांगणारी सरकारी सेवा बघा, कुठला भाग बर्फाच्छादित, कुठे दृश्यमानता कमी, रंगाने दाखवतात. पुलावर कायम हळू. खालून वारा लागतो म्हणून पूल रस्त्याआधी गोठतात.

बाकी फ्रेंचची काळजी नको. "बोंजूर" म्हणा, पुढचं इंग्रजीत होतं.

---

पसरणीकर:

सगळ्यांचे आभार. पिअर्सनचं बुकिंग रद्द केलं. ट्रेनची चार तिकिटं काढली, गाडी माँट्रियलमधून घेतोय, दोर्वालला उतरून. मुद्दाम छोटी पुढच्या चाकांची गाडी बुक केली, चाकवाल्यांचं ऐकून. शाखेला मेल टाकली, दोन ओळींत उत्तर आलं की सगळ्याच गाड्यांना आहेत.

आबांना लोण्याचं लगेच पटलं. पण त्यावरून त्यांचं म्हणणं असं की मग घाटात उतरताना जे करतो तेच इथंही: गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायची, ब्रेकवर उभं राहायचं नाही. ऑटोमॅटिकमध्ये ते कसं करायचं हे मला विचारतायत. कुणी सांगेल? आणि आईचा प्रश्न, ट्रेनमध्ये शेंगदाण्याची चटणी चालते का. उघडली की डबाभर वास जातो म्हणून विचारतेय.

---

चाकवाला:

आबा बरोबर आहेत. ऑटोमॅटिकमध्ये गिअरच्या दांड्यावर "एल" किंवा "एम", नाहीतर स्टिअरिंगमागे उणे-अधिकची पाती असते. उतार सुरू व्हायच्या आधी एक गिअर खाली आणा, उतारावर नाही. आणि तो हलक्या हाताने बदला, कारण गिअर झटक्याने पडला तरी चाक निसटतं. पाय ब्रेकवर ठेवलात आणि खडखड थरथर झाली तर ते एबीएस आहे, म्हणजे चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा. पाय उचलू नका, दाबून धरा आणि स्टिअरिंग जिकडे जायचंय तिकडे ठेवा. क्रूझ कंट्रोल बंद. पार्किंगमधून निघाल्यावर मोकळ्या जागेत, मागे कुणी नाही बघून, वीसच्या वेगात एकदा जोरात ब्रेक मारून बघा. गाडी किती सरकते ते पायाला कळेल. हे आबांना शेजारी बसवून करा, आईंना काउंटरवर ठेवून.

---

गॅटिनोची काकू:

चटणी चालते. मी लसणाचीही नेलेली आहे. कुणी काही म्हटलं नाही, एकाने मागून घेतली.

---

ब्रॅम्प्टनचा वाघ:

माझं मत बदललेलं नाही. पण हा धागा बायकोने वाचला. गाडीच्या टायरचा साइझ २२५/६५ आर १७, पार्किंग उघड्यावर, टायर ठेवायला जागा नाही. जानेवारी संपत आला, आता घ्यावेत का पुढच्या हंगामात?

---

चाकवाला:

ऑल वेदर घ्या, आत्ताच घ्या. हा साइझ खपाचा आहे, दुकानात अजून असेल. बर्फ एप्रिलपर्यंत पडतोय आणि त्यानंतर ते काढायचे नाहीतच. आणि बसवून झाल्यावर विमा एजंटला फोन करा, डोंगर-चांदणीवर सूट देता का विचारा. काही कंपन्या ऑल वेदर धरतात, काही नाही.

दुकानाचा पत्ता इथं देणार नाही, जाहिरात होईल. पण ब्रॅम्प्टनमध्ये शनिवारी कुठेही जाऊ नका, मंगळवारी सकाळी जा.